इंग्रजी सोडून काय येतं?

इमाबारी, १८ नोव्हेंबर

प्रिय तिता पुरिंग,

तू आईची मावसबहीण, म्हणजे माझी मावशीच, आणि या देशात मला हक्काने ओरडणारी एकटीच. म्हणून हे पत्र. फोन करणार होते, पण तुझं म्हणणं आठवलं: "फोनवर तू रडतेस, कागदावर विचार करतेस."

शाळेचं काम मार्चमध्ये संपतंय. एजन्सीने कळवलं, पुढच्या वर्षी शाळांना दुसरी कंपनी माणसं पुरवणार. सात वर्षं मी वर्गाच्या कोपऱ्यात उभी राहून "रिपीट आफ्टर मी" म्हणतेय. जपानी शिक्षकाने खूण केली की बोलायचं, खूण केली की थांबायचं. टेपरेकॉर्डरला निदान बटण तरी असतं.

या सात वर्षांत मी जपानीची सगळ्यात वरची परीक्षा दिली, पास झाले. इथल्या मासळीवाल्या बायकांशी त्यांच्याच बोलीत भांडते. पण अर्ज केला की एकच उत्तर: "आपलं इंग्रजी उत्तम असेल, परंतु..." आणि नकाराच्या प्रत्येक पत्राखाली ते ठरलेलं वाक्य, आपल्या पुढील यशासाठी आम्ही प्रार्थना करतो. इतक्या कंपन्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली आहे की तितकी आपल्या पाद्रीबाबांनी आयुष्यात केली नसेल. एव्हाना मी संत व्हायला हवी होते.

एक नोकरी मात्र हातात आहे. मात्सुयामात लहान मुलांची इंग्रजी खेळशाळा आहे. गुलाबी एप्रन घालून गाणी म्हणायची. पगार बरा. माझा व्हिसा शिकवण्याचा आहे. मार्चच्या आत दुसऱ्या कामाचं नेमणूकपत्र मिळालं तर तो बदलून घेता येईल, नाहीतर शिकवत राहायचं किंवा फिलिपिन्सला, इलोइलोला परत जायचं. परत जायचं नाही, हे पक्कं आहे. मग घालू का एप्रन?

तुझी,
लिगाया

*

हिगाशी ओसाका, २४ नोव्हेंबर

माझ्या गुणी इंदाय,

इंदाय, म्हणजे पोरी, तर तू आहेसच; गुणी लिहिलंय, कारण पुढे शिव्या आहेत.

एप्रन घालशील तर माझ्या दारात येऊ नकोस! एप्रन वाईट नाही. मुलांना शिकवण्याची ज्याला ओढ आहे त्याने खुशाल गुलाबी एप्रन घालावा, मी त्याच्या पाया पडेन. पण तुला ती ओढ नाही. तू घाबरून घालते आहेस, आणि भीतीने घातलेला कपडा जन्मभर अंगावरून उतरत नाही.

मी या देशात आले तेव्हा मलाही म्हणाले, फिलिपिनो ना, इंग्रजी येतं ना, शिकवा. तीन वर्षं शिकवलं. मग एका स्क्रूच्या कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. मालक म्हणाला, "आम्हाला इंग्रजी शिकायचं नाही." मी म्हटलं, "मलाही शिकवायचं नाही. मला स्क्रू विकायचे आहेत." तो हसला, आणि हसणाऱ्या ओसाकावाल्याला खिंडीत गाठता येतं, हे तेव्हा कळलं. आज या गल्लीतला कुठला स्क्रू कुठल्या यंत्रात गंजतो ते मला विचारून जातात.

आपल्याला वाटतं, परक्या देशात आपण इंग्रजीचं एकच नाणं घेऊन आलो आहोत. ते नाणं आपलं नाहीच! आपल्या आजोबांच्या शाळेत अमेरिकन मास्तरांनी ते हातात कोंबलं. त्याच्या तीनशे वर्षं आधी आपली माणसं स्पॅनिश गलबतांवर शिडं ओढत अख्खा पॅसिफिक ओलांडत होती; तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही, इंग्रजी येतं का म्हणून.

डोळे उघडून बघ, तू राहतेस कुठे? इमाबारीत! अर्धं गाव जहाजं बांधतं, उरलेलं अर्धं त्यांचा मालक आहे. आणि ती जहाजं चालवतं कोण? इलोइलोची पोरं! त्यांचं घर आणि मालकाचं घर, दोन्ही आतून ओळखणारी बाई त्या गावात एकच आहे, आणि ती कोपऱ्यात उभी राहून "रिपीट आफ्टर मी" म्हणतेय. देवा!

एखाद्या जहाजमालकाकडे जा. मुलाखतीत इंग्रजीचा एक शब्द काढायचा नाही. समजलं?

तुझी तिता

*

इमाबारी, १२ डिसेंबर

तिता,

समजलं. तसंच केलं. आता भोग.

तागाशिरा काइउन नावाची कंपनी आहे. जुनं घराणं, मोजकीच जहाजं. चालवतात त्या फुसाएसान, पंच्याहत्तरीच्या विधवा बाई, पाठीत वाकलेल्या, नजर मात्र सरळ. शेजारी पुतण्या बसला होता, कोजीसान, मऊ स्वभावाचा, सारखा घाम पुसणारा. मी काळा कोट, काळे बूट, केस बांधून, सगळं रीतसर.

कोजीसान म्हणाले, "जरा इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्याल का?"

मी म्हटलं, "माफ करा. मी इथे इंग्रजीसाठी आले नाही."

त्यांनी घाम पुसला. "नाही, पण मॅनिलाच्या एजन्सीला फोन वगैरे करावे लागतात, म्हणून म्हटलं, दोनच वाक्यं..."

"जपानीत करून देते."

तेव्हा फुसाएसान पहिल्यांदा बोलल्या. "बरं. इंग्रजी सोडून काय येतं?"

"जपानी येतं."

"ते इथल्या मांजरांनाही येतं," म्हणाल्या, आणि चहाचा पेला खाली ठेवला. मुलाखत संपली.

काल त्यांचंही पत्र आलं. त्यांनीही प्रार्थना केली आहे.

तिता, तुझं भाषण ऐकायला फार छान वाटतं. तू मोठ्या शहरात बसून झेंडा फडकावतेस, काठी माझ्या पाठीत बसते. मात्सुयामावाल्यांनी वर्षअखेरपर्यंत उत्तर मागितलंय.

एक बरी गोष्ट. त्याच तागाशिरांचं नवं जहाज, 'आओनामी', गोदीत तयार होतंय. त्याचे खलाशी आपल्याकडचे आहेत. रविवारी चर्चमध्ये त्यांचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, भेटला, मानोंग सेलसो, आपल्याच गिमबाल गावचा. मी आपल्या बोलीत "मानोंग" म्हणून हाक मारली, दादा म्हणून, तर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

लिगाया

*

हिगाशी ओसाका, १७ डिसेंबर

इंदाय,

काठी लागली, कबूल. पण ती तू उलटी धरली होतीस.

इंग्रजी विकू नकोस म्हटलं होतं मी. तोंडाला कुलूप लाव म्हटलं नव्हतं. बरं, लाव म्हटलं होतं. रागात लिहिलं होतं! पण तुझी चूक ती नव्हे. म्हातारीने तुला दार उघडून दिलं होतं. काय येतं, असं तिने विचारलं, आणि तू भाषेचं नाव सांगितलंस. मी स्क्रूच्या मालकाला "मला जपानी येतं" म्हटलं असतं तर त्याने मला मांजरासारखंच हाकललं असतं. भाषा म्हणजे रस्ता. त्या रस्त्याने तू काय घेऊन येतेस, ते ती विचारत होती.

तिला पुन्हा भेट. आणि मात्सुयामाला हो म्हणू नकोस.

तिता

*

हिगाशी ओसाका, ९ जानेवारी

इंदाय,

तुझं नव्या वर्षाचं कार्ड मिळालं. उगवता सूर्य, शुभेच्छा, खाली सही. असं कार्ड मला गॅस कंपनीही पाठवते.

तू गप्प बसलीस की काहीतरी केलेलं असतं. लहानपणी अंगणातली पपई पाडलीस तेव्हाही अशीच बसली होतीस. हो म्हणालीस ना?

तिता

*

इमाबारी, २४ फेब्रुवारी

प्रिय तिता,

हो म्हणाले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तुला सांगायची लाज वाटत होती, म्हणून गॅस कंपनीचं कार्ड पाठवलं. एप्रनचं मापही दिलं होतं.

आता पुढचं ऐक. बसून वाच.

मागच्या बुधवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत कोजीसानचा फोन. "माग्बानुआ सेन्सेई," माझ्या आडनावाला शिक्षिकाबाई जोडून ते म्हणाले, "एका कोंबड्याबद्दल थोडं बोलायचं होतं."

मी म्हटलं, "कोंबड्याबद्दल?"

"जिवंत आहे. आमच्या जहाजावर आहे. तुम्हाला बोलवा, असं सारंग म्हणतोय."

शाळा सुटल्यावर सायकल मारत गोदीत गेले. 'आओनामी' धक्क्याला लागलेलं, लाल-निळं, कोरं करकरीत. शुक्रवारी मुहूर्ताचा दिवस. सकाळी देवळाचे पुजारी येऊन जहाज शुद्ध करणार, मग कागदांवर सह्या, मग जहाज मालकाचं आणि संध्याकाळी समुद्राचं. आणि पुढच्या बाजूला दोरखंडांच्या खोलीत बादलीला बांधलेला एक कोंबडा, घसा फाडून ओरडतोय.

तुला सांगायला नकोच. नव्या घराच्या पायात, नव्या होडीच्या नाळेवर आपल्याकडे रक्त देतात, तसं मानोंगला इंजिनाच्या पायाशी द्यायचं होतं. त्याने अंडीवाल्या शेतकऱ्याला पाटीवर चित्र काढून दाखवून कोंबडा मिळवला होता.

"मी कप्तानांना इंग्रजीत विचारलं, हा कशासाठी?" कोजीसान घाम पुसत सांगत होते. "ते म्हणाले, छोटा आशीर्वाद, नो प्रॉब्लेम. मीही म्हटलं, नो प्रॉब्लेम. मग काकींना कळलं."

काकी धक्क्यावर उभ्या होत्या. मला बघून नमस्कार नाही, काही नाही. म्हणाल्या, "देव यायच्या आधी माझ्या जहाजावर रक्त? सगळ्यांना उतरवते. दुसरे खलाशी आणते."

मानोंग वर डेकवर हाताची घडी घालून उभा. मागे त्याची सगळी पोरं. मला आपल्या बोलीत म्हणाला, "सांग तिला. रक्त दिल्याशिवाय आम्ही निघणार नाही. सगळं गाव रोज संध्याकाळी तव्यावर कोंबडीचं कातडं दाबून दाबून भाजून खातं, बरोबर बिअर पितं, आणि या एका कोंबड्याची हिला दया आली?"

"दया कोंबड्याची नाही, मानोंग. इथे रक्ताचा विटाळ मानतात."

"विटाळ? रक्ताने जहाज जागं होतं!"

मी आधी काहीच कोणाला भाषांतर करून सांगितलं नाही. फुसाएसानना इथल्या बोलीत विचारलं, जशी मासळीवाल्या बायकांना विचारते तशी: "आजी, भीती कशाची वाटते?"

कोजीसानचा रुमाल हवेतच थांबला. बाईंना असं कोणी विचारत नसावं. त्या समुद्राकडे वळल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांची होडी पाण्यात सोडली त्या दिवशी एका गड्याचं बोट कापलं. फळीवर रक्त पडलं. वडील म्हणाले, काही नाही होत. ती होडी दुसऱ्या हिवाळ्यात गेली. वडीलही."

मग मी शिडीने वर गेले आणि मानोंगला तोच प्रश्न विचारला. त्याने हाताची घडी सोडली. "माझं याआधीचं जहाजही असंच कोरं होतं. कप्तान म्हणाला, रक्तबिक्त काही नको, आता तो जमाना नाही. वर्ष संपायच्या आत दोन पोरं लाटेने नेली. त्यांच्या आयांना मी सांगायला गेलो होतो."

तिता, दोघांना एकाच समुद्राची भीती वाटत होती, आणि मध्ये इंग्रजीचा नो प्रॉब्लेम उभा होता, गुळगुळीत, भिंतीसारखा. कप्तानांचं इंग्रजी चांगलं आहे. कोजीसानचंही वाईट नाही. त्या भाषेत दोघांनाही फक्त सभ्य राहता येतं. घाबरता येत नाही.

मी मानोंगला विचारलं, "इंजिनालाच लागलं पाहिजे का?"

"जहाजाच्या अंगाला लागलं पाहिजे. आणि समुद्राला कळलं पाहिजे."

खाली येऊन आजींना विचारलं, "विटाळ जातो कशाने?"

"मिठाने. नाहीतर समुद्राच्या पाण्याने. ते मीठच."

आणि मला नांगर दिसला. पुढच्या बाजूला, पाण्यावर लटकलेला, सारंगाच्या ताब्यातला. जहाजाचं अंग तर आहे, पण डेकच्या बाहेर. आणि त्याचं कामच समुद्रात बुडायचं!

मी म्हटलं, "आजी, रक्त फक्त नांगराला लावू दे. शुक्रवारी नाही, उद्या. लगेच नांगर पाण्यात सोडायचा, मिठात धुवून वर घ्यायचा. परवा पुजारी येतील तेव्हा जहाज सोवळं असेल."

"कोंबडा माझ्या जहाजावर कापायचा नाही."

"नाही कापणार."

"धक्क्यावरही नाही."

"मासेमारीची छोटी होडी घेऊ, नांगराच्या खाली नेऊ. समुद्रात कापू."

त्या म्हणाल्या, "समुद्र काही माझा नाही."

मानोंगला सांगितलं तर तो हसला, दात दिसेपर्यंत. "नांगर! पोरी, संकटात माणसाच्या हातात तोच तर उरतो. इंजिनापेक्षा बरं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेतली. होडीत मानोंग, मी आणि होडीवाला, जो सगळा वेळ पाठ करून बसला होता. मानोंगने आपल्या बोलीत समुद्राला नावं सांगितली, एकेका पोराचं नाव, शेवटी त्या दोघांचंही. नांगराच्या पात्यावर हात फिरवला. साखळी खडखडली, नांगर खाली गेला, आणि वर आला तेव्हा चकचकीत. धक्क्यावर बाई उभ्या होत्या. त्यांनी मुठीतलं मीठ पाण्यात टाकलं आणि हात जोडले.

कोंबड्याचं सूप झालं, कच्च्या पपईऐवजी मुळा घालून. एक वाटी बाईंकडे पाठवली. रिकामी वाटी परत आली, निरोप आला: "आलं कमी आहे."

शुक्रवारी पुजारी आले, सह्या झाल्या, 'आओनामी' गेलं. सगळे हात हलवत होते तेव्हा बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एप्रिलपासून येतेस का? दुभाषी म्हणून?"

मी आठवडाभराची मुदत मागून घेतलीय. मात्सुयामाला शब्द दिलाय. आणि तुला विचारायचं होतं.

तुझी,
लिगाया

*

हिगाशी ओसाका, जलद टपालाने, २५ फेब्रुवारी

इंदाय!

पत्र कारखान्यात मोठ्याने वाचून दाखवलं. मालकाने यंत्र बंद केलं. "मग कोंबड्याचं काय झालं?" असं चौघांनी विचारलं, सूप ऐकून सगळ्यांना भूक लागली.

आता कान उघडे ठेव. दुभाषी म्हणून जायचं नाही!

दुभाषी म्हणजे भिंतीतलं भोक. दोन्हीकडून लोक त्यातून बोलतात, आणि भोकाला कधी बढती मिळत नाही. तू त्या धक्क्यावर भाषांतर केलंस का? स्वतःच लिहिलंयस, आधी काहीच सांगितलं नाही म्हणून. तू विचारलंस, ऐकलंस, ठरवलंस आणि दोन हट्टी माणसांना तुझ्या निर्णयावर आणलंस. हे काम आहे. याला जहाजाच्या धंद्यात माणसं सांभाळणं म्हणतात, आणि त्यासाठी प्रत्येक मालकाकडे एक टेबल असतं. ते टेबल माग!

ही मेहरबानी मागत नाहीयेस. गिमबालच्या त्या मुलांचं भलं कशात आहे, हे समजणारं माणूस त्या खोलीत बसलं पाहिजे, दारात उभं राहून नाही, खुर्चीवर बसून. आपले हजारो लोक यांच्या कारखान्यांत, इस्पितळांत, जहाजांवर राबतात, आणि त्यांच्याबद्दल ठरवताना खोलीत आपलं कोणी नसतं. तू बसलीस की एका खोलीत तरी असेल.

मात्सुयामाला पत्र पाठवू नकोस, फोन करू नकोस. मिठाईचा डबा घेऊन स्वतः जा, कंबरेतून वाक आणि खरं सांग. शब्द मोडायचा तर तोंड दाखवून मोडावा.

तिता

*

इमाबारी, २९ मार्च

प्रिय तिता,

आधी मात्सुयामा. इमाबारीची प्रसिद्ध मिठाई घेऊन गेले, इवलेसे गोल अंड्याचे मांजू. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, परत कोंबडीच! निनोमियाबाई, तिथल्या मुख्य, यांच्यापुढे वाकले आणि सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. एप्रन शिवून आला होता. पण एक मांजू तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एक मुलगी आहे, तिला मुलं जीव की प्राण. तिला अर्धवेळेवर ठेवलंय. तिला पूर्ण वेळ देते." म्हणजे एप्रन योग्य अंगावर गेला.

मग तागाशिरा. बाईंना म्हटलं, "दुभाषी म्हणून येणार नाही. खलाशी निवडणं, त्यांची घरची अडचण, जहाजावरचं भांडण, चढणं-उतरणं, हे काम द्या. चुकले तर जाब मला विचारा."

कोजीसानचा रुमाल बाहेर आला. बाई चहा पीत राहिल्या. माझ्या मनात आलं, आता प्रार्थना करतील.

"टेबल हवंय तर काम आजच घे," म्हणाल्या. "पुढचं जहाज जूनमध्ये. त्या जहाजाच्या सारंगाला विचार, कोंबडा लागेल की कोंबडी, नंतर घोळ नको. आणि आलं जास्त."

नेमणूकपत्र त्याच दिवशी मिळालं. मग इमिग्रेशन, फोटो, फेऱ्या, वाट पाहणं. परवा बोलावण्याचं पोस्टकार्ड आलं, काल शिक्का बसला. शिकवण्याचा व्हिसा गेला, तिता. सात वर्षांनी मी या देशात शिक्षिका नाही.

शाळेत निरोप झाला तेव्हा मुलांनी इंग्रजीत गाणं म्हटलं. मी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलले. वर्गात तसं बोलायचं नाही असा एजन्सीचा नियम होता. सात वर्षं पाळला. मागच्या बाकावरचा एक ओरडला, "सेन्सेई, तुम्ही तर आमच्या आजीसारखं बोलता!" असं प्रशस्तिपत्र आणखी कोण देणार?

आज सकाळी पहिल्यांदा माझ्या टेबलाशी बसले. खिडकीतून गोदी दिसते. बँकेचे एक साहेब आले होते, बाईंनी ओळख करून दिली. त्यांनी माझं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, वाचायच्या आधीच हसून म्हणाले, "वा! आता तुम्हाला इंग्रजीची चिंता नाही."

बाई म्हणाल्या, "इंग्रजी कोजीलाही येतं. ही आमची माणसं समुद्रावर पाठवते, आणि परत आणते."

साहेबांनी मग कार्ड वाचलं. मी उठून नमस्कार केला आणि पुन्हा माझ्या खुर्चीत बसले.

सोबत दोन कार्डं पाठवतेय. एक तुझं. दुसरं तुझ्या मालकाला दे आणि सांग, जहाजाला स्क्रू लागतात.

तुझी,
लिगाया माग्बानुआ
खलाशी विभाग, तागाशिरा काइउन